लेकराच्या डोक्यात मशीन बसवायचं का?

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्यांचा मुलगा सोळा महिन्यांचा आहे. त्याला दोन्ही कानांनी जन्मापासून ऐकू येत नाही, हे बेरा चाचणीत (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहणारी तपासणी) कळलं. काही महिने श्रवणयंत्रं लावून पाहिली, फरक पडला नाही. डॉक्टरांनी आता कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे श्रवणनसेला विजेने आवाज पोचवणारं यंत्र आतल्या कानात बसवण्याची, शस्त्रक्रिया सुचवली आहे, आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे.

सासूबाई म्हणतात, "लेकराच्या डोक्यात मशीन घालायचं? माणूस राहील का तो? ह्याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता." नवरा पुण्यात आयटीत आहे. त्याचं म्हणणं, "चीनमध्ये जीन थेरपीने बहिरी मुलं ऐकायला लागलीत, अमेरिकेत मेंदूत चिप बसवतायत. पाच-सहा वर्षं थांबू, उगाच जुनं मॉडेल कशाला बसवायचं?" नणंदेची एक मैत्रीण मूकबधिर शाळेत शिकवते. ती सांगते, "त्याला आहे तसा स्वीकारा, खुणांची भाषा शिकवा." नवरा-बायकोचं नातं लग्नाआधी आते-मामे भावंडांचं. त्यामुळे दोष त्यांनाच लागतो, शिवाय ग्रहणात भाजी चिरल्याचंही त्यांना ऐकवलं जातं. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मोठा झाल्यावर त्याने विचारलं, 'मला न विचारता माझ्या शरीरात यंत्र का घातलंस?' तर मी काय सांगू?"

---

प्रिय ताई,

आधी ग्रहणाचं मिटवू. तुम्ही भाजी चिरलीत म्हणून बाळ बहिरं जन्मलं, यात तिळमात्र तथ्य नाही. कुणी पुन्हा म्हणालं तर तिथेच थांबवा, आणि हे थांबवण्याचं काम नवऱ्याने करावं. आते-मामे नात्यातल्या लग्नाचं थोडं वेगळं आहे. जन्मजात बहिरेपणाच्या अनेक प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुकाची एकेक प्रत यावी लागते. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, एवढं खरं. पण तशी प्रत दोघांकडे असली, तर ती दोघांकडून आलेली असते. बाईच्या एकटीच्या माथी मारायचं त्यात काही नाही. त्यात तुमच्या नवऱ्याचा वाटा तुमच्याइतकाच, आणि दोष दोघांचाही नाही.

आता नवऱ्याच्या म्हणण्याकडे येते, कारण पत्रातल्या सगळ्या मतांत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. सासूबाईंची भीती बोलून निघेल. "थांबू या" हे मात्र ऐकायला समंजस वाटतं, म्हणून घरात कुणी त्याला विरोध करत नाही आणि दिवस निघून जातात.

शांघायची बातमी खरी आहे. तिथल्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांच्या एकेका कानात जीन थेरपी केली गेली, आणि त्यातल्या पाच जणांना ऐकू येऊ लागल्याचं जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. फार मोठी गोष्ट आहे ती. पण ती सगळी मुलं एकाच प्रकारच्या बहिरेपणाची होती. त्यांच्यात ओटोफर्लिन नावाचं प्रथिन बनवणारं जनुक बिघडलेलं होतं. कानातल्या पेशींना आवाज पोचतो, पण तो पुढे नसेकडे सोपवायला हे प्रथिन लागतं, आणि तेच नसतं. चांगलं जनुक आत न्यायला निरुपद्रवी विषाणू वापरतात. हे जनुक त्या विषाणूत मावत नाही इतकं लांब, म्हणून ते दोन तुकड्यांत पाठवून पेशीत जोडून घ्यावं लागलं. जन्मजात बहिऱ्या मुलांत या प्रकारची मुलं थोडीच असतात. बहुतेकांच्या बाबतीत दुसरी जनुकं बिघडलेली असतात. त्यात कनेक्सिन २६ हे नाव सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि त्याच्यासाठी असा इलाज अजून दवाखान्यात मिळत नाही.

म्हणजे "थांबायचं का?" याच्या आधी "आपल्या बाळाचा बहिरेपणा कुठल्या प्रकारचा?" हे विचारायला हवं. त्याचं उत्तर रक्ताच्या जनुकीय तपासणीतून मिळू शकतं. एक धागा तुमच्या फाइलमध्येही असेल. बेराच्या रिपोर्टबरोबर ओएई नावाच्या चाचणीचा रिपोर्ट आहे का ते पाहा. ओटोफर्लिनच्या मुलांत बेरामध्ये प्रतिसाद येत नाही, पण ओएई लहानपणी बऱ्याचदा चांगली येते, कारण कानातल्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी शाबूत असतात. (म्हणूनच फक्त ओएईवर "बाळाचे कान उत्तम" असा शेरा मारून घरी पाठवलेली मुलं पुढे दीड-दोन वर्षांची होऊन परत येतात.) ओएई चांगली आणि बेरा कोरी असेल, तर डॉक्टरांना हा प्रश्न थेट विचारा. ओटोफर्लिन निघालं, तर कुठल्या कानात काय करायचं, एक कान राखून ठेवायचा का, हे तज्ज्ञांशी बोलून ठरवावं लागेल, कारण इम्प्लांटची तार एकदा आत गेली की त्या कानाचा नाजूक भाग पूर्वीसारखा राहीलच असं नाही. दोन्ही रिपोर्टांत ओटोफर्लिनकडे बोट दाखवणारं काही नसेल, तर जीन थेरपीसाठी थांबण्याला आज आधार नाही. जनुकीय तपासणी जरूर करा, पण तिच्या निकालासाठी बाकीची तयारी अडवू नका.

मेंदूतल्या चिपचं बोलायचं तर नवऱ्याच्या मनात बहुधा इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीची चिप असावी. जानेवारी २०२४ मध्ये नोलंड आर्बो या अमेरिकी तरुणाच्या मेंदूत ती पहिल्यांदा बसवली गेली. पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघाताने त्याचं मानेखालचं शरीर निकामी झालं आहे. ६४ बारीक धाग्यांवर मिळून १,०२४ इलेक्ट्रोड, आणि त्यांच्या जोरावर तो नुसत्या मनाने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतल्या जागेवरून मागे सरकले आणि सॉफ्टवेअर बदलून काम सावरावं लागलं. त्या तरुणाच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण सोळा महिन्यांच्या, अजून एकही शब्द न ऐकलेल्या बाळाला त्याचा उपयोग नाही. ती चिप मेंदूतून आज्ञा बाहेर आणते. तुमच्या बाळाला आवाज आत न्यायचा आहे.

आणि आत न्यायचं काम जमिनीवर आलेलं आहे, तेही आजकालचं नाही. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणनसेला विजेने चेतवून आवाजाची जाणीव करून दिली. १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडांचं इम्प्लांट बसवलं. १९९० मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली. तेव्हा ज्यांना ते बसलं, ती मुलं आज चाळिशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. माणूस आणि यंत्र एक होणार का, यावर जगभर चर्चासत्रं झडतात. ते केव्हाच होऊन गेलं आहे, आणि ही माणसं नोकऱ्या करतायत, संसार करतायत.

घाई का, याचं कारण यंत्रात नाही, मेंदूत आहे. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूतले श्रवणाचे संदेश मोजले. २००२ च्या त्या अभ्यासात साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांचे संदेश सहा-आठ महिन्यांत वयाला साजेसे झाले. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्यांपैकी बहुतेकांचे झाले नाहीत. मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाला काही वर्षं आवाजच मिळाला नाही, तर तो भाग दुसऱ्या कामाला जुंपला जातो. पुढे कितीही भारी मॉडेल आलं तरी ते समजून घ्यायला आत कुणी उरत नाही. तुमचे यजमान पाच-सहा वर्षं थांबायचं म्हणतात, तोवर बाळ सात वर्षांचं होईल.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. त्यांच्या शब्दांत नातवाची माया आहे. त्यांना समोर बसवून नक्की काय होतं ते सांगा, कारण "डोक्यात मशीन" म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे मेंदू उघडलेला दिसत असणार. मेंदूला हात लागत नाही. कानामागच्या हाडात छोटी खाच करतात, त्वचेखाली एक चपटा भाग बसवतात आणि त्यातून निघणारी केसासारखी बारीक तार आतल्या कानातल्या शंखासारख्या वळणात सरकवतात. आत बॅटरी नसते. कानावर लावायच्या प्रोसेसरमधला माइक आवाज टिपतो, आणि केसांतून चुंबकाने चिकटणाऱ्या चकतीतून तो संदेश, चालायला लागणारी वीजही, त्वचेपलीकडे बिनतारी जाते. चकती काढली की यंत्र बंद. घरात कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदूनंतरची लेन्स असेल, तर तीही कारखान्यात बनलेली वस्तू आहे, हे त्यांना आठवून द्या. स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांना १९५८ मध्ये जगातला पहिला शरीरात बसणारा पेसमेकर लावला गेला. ते २००१ पर्यंत जगले, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि पेसमेकर बनवणारे अभियंता या दोघांनंतरही. यंत्राने त्यांचं माणूसपण कमी झालं नाही.

"बापही उशिरा बोलला" याला उत्तर एवढंच की बापाला ऐकू येत होतं.

तरीही इम्प्लांटने बाळ आपल्यासारखं ऐकू लागेल, अशी आशा धरू नका. निरोगी कानात आवाज नसेकडे पोचवणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी असतात. त्यांचं काम इथे मॉडेलप्रमाणे बारा ते बावीस इलेक्ट्रोड करतात. पेटीच्या साडेतीन हजार पट्ट्यांची चीज बावीस पट्ट्यांवर वाजवायची, तसं आहे हे. बोलणं कळतं, गोंगाटात अवघड जातं, गाण्याचा सूर धूसर राहतो. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी प्रोसेसर सुरू करतात. त्या दिवसाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, बाळ हसतं आणि आई रडते. बरीच बाळं त्या दिवशी घाबरून रडतात, काही ढिम्म बसतात. दोन्ही ठीक आहे. ऐकण्याचं वय त्या दिवसापासून मोजायचं. पहिला शब्द यायला एखादं वर्ष लागलं तर ते उशिरा नाही.

आणि खरं काम तिथून पुढे, ते बहुतांशी तुम्हाला करायचं आहे. मॅपिंगच्या (प्रोसेसर बाळाला जुळवून घेण्याच्या) फेऱ्या, आठवड्याची वाचाथेरपी, घरी दिवसभर बोलणं. रोज सकाळी प्रोसेसर लावला की तोंडासमोर हात धरून, म्हणजे बाळाला ओठ दिसणार नाहीत असे, सहा आवाज काढायचे: म्म, ऊ, आ, ई, श्श, स्स. खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्यातला सगळा टप्पा या सहांत येतो. काल "स्स"ला वळणारं बाळ आज वळलं नाही, तर आधी बॅटरी, मग वायर, मग चकती तपासायची, आणि तरीही नाही तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, फोन. आजी हे अगदी छान करू शकते. तिला या कामात घ्या. मशीनची भीती अशानेच जाते, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

आता नणंदेच्या मैत्रिणीबद्दल. तिचं म्हणणं झटकून टाकू नका. १९९० च्या परवानगीनंतर लगेच, १९९१ मध्ये, अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांच्या इम्प्लांटला कडाडून विरोध केला होता. आम्ही बिघडलेले नाही, आमची भाषा आहे, आमचा समाज आहे, आणि आमच्या मुलांना न विचारता तुम्ही त्यांना दुरुस्त करायला निघालात, असा तो आक्षेप होता. २००० मध्ये संघटनेने भूमिका मवाळ केली, आईवडिलांचा निर्णयाचा अधिकार मान्य केला, पण भाषेचा आग्रह सोडला नाही. तो आग्रह मला पूर्णपणे पटतो. तुमचं बाळ आंघोळीला, झोपताना, विहिरीत पोहताना, बॅटरी संपल्यावर बहिरंच असणार आहे. थेरपी मनासारखी लागू पडली नाही, तर त्याच्याकडे कुठली तरी भाषा हवीच. तुमच्या घरात "इम्प्लांट की खुणा" असा वाद चालला आहे, आणि काही थेरपिस्टही खुणा केल्या तर मूल बोलायला आळसावेल असं सांगतात. मला ते मान्य नाही. दीड वर्षाच्या मुलाला आज, शस्त्रक्रियेच्या आधी, "दूध", "आई", "अजून", "दुखतंय" सांगता यायला हवं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश इंटरनेटवर मोफत आहे. नणंदेच्या मैत्रिणीला आठवड्यातून एकदा घरी बोलवा आणि सगळ्यांनी मिळून शिका. सवय लागल्यावर खुणा सोडू नका.

तुम्ही शेवटी जे विचारलं आहे, त्याचं उत्तरही मला इथेच दिसतं. "मला न विचारता का केलंस?" असं तो विचारेलही. त्याला विचारता येईल इतका तो मोठा होईपर्यंत मेंदूची वेळ निघून गेली असती, हे तुम्ही त्याला सांगू शकाल. काही न करणं हाही त्याच्या वतीने घेतलेलाच निर्णय होता, आणि तो मागे फिरवता आला नसता. बाहेरचा प्रोसेसर काढून ठेवण्याचं स्वातंत्र्य त्याला पंधराव्या वर्षी असेल. खुणांची भाषा येत असेल, तर प्रोसेसर काढल्यावर तो एकटा पडणार नाही. आणि त्याचा प्रश्न तो तुम्हाला शब्दांत विचारू शकला, मग ते तोंडाने असोत की हातांनी, तर तुमचं काम झालेलं असेल.

या सगळ्यात ज्याबद्दल दवाखान्यात सहसा कुणी बोलत नाही, ती गोष्ट म्हणजे कंपनी. शरीरात यंत्र बसलं की माणूस जन्मभर एका कंपनीशी बांधला जातो. अमेरिकेत सेकंड साइट नावाच्या कंपनीने अंधांसाठी डोळ्यात बसवायचं इम्प्लांट काढलं होतं. साडेतीनशेच्या आसपास लोकांना ते बसलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, आणि डोळ्यात यंत्र असलेल्या माणसांना दुरुस्ती, सुटे भाग, फोन उचलणारं कुणी उरलं नाही. कॉक्लिअर इम्प्लांटच्या कंपन्या जुन्या आणि मोठ्या आहेत, त्यामुळे उद्याच तसं होईल असं नाही. पण आपल्याकडे अडचण वेगळ्या वाटेने येते. आतला भाग नीट असतो, बाहेरच्या प्रोसेसरचं मॉडेल काही वर्षांनी बंद होतं, दुरुस्ती मिळेनाशी होते आणि नवा घ्यायला लाखांत पैसे लागतात. सरकारी मदतीतून शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी घरांत मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर प्रोसेसर कपाटात पडून असतो.

म्हणून तुमच्या नवऱ्याला थांबण्याऐवजी हे काम द्या. ते आयटीत आहेत, त्यांना हे प्रश्न बरोबर विचारता येतील. शस्त्रक्रियेआधी कंपनीच्या माणसाकडून लेखी घ्या: आतल्या आणि बाहेरच्या भागाची वॉरंटी किती वर्षं, हे मॉडेल बाजारात येऊन किती काळ झाला, याचे सुटे भाग कधीपर्यंत मिळतील, पुढचे प्रोसेसर आतल्या याच भागाशी जुळतील का, चकतीची वायर आणि बॅटरी केवढ्याला, सर्व्हिस सेंटर साताऱ्यात की पुण्यात, दुरुस्तीला गेल्यावर बदली प्रोसेसर देतात का, चुंबक न काढता एमआरआय कितपत करता येतो. "नवं मॉडेल" हवं असा त्यांचा आग्रह आहे ना, तर पुढची मॉडेलं येणार आहेत ती बहुतेक बाहेरच्या भागाची. त्यासाठी आजपासून दरमहा थोडी रक्कम वेगळी टाका. विमा मिळत असेल तर प्रोसेसरचाही काढा.

पैशाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण हे वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठी सांगते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाच वर्षांखालच्या मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. उत्पन्नाच्या अटी आहेत. तिचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडून चालतं, चौकशी तिथे करा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आणि पुढचा पाठपुरावा येतो. अर्ज आणि प्रतीक्षायादी यांत महिने जातात, त्यामुळे निर्णय पक्का झाला नसला तरी कागदपत्रं आताच लावा. अपंगत्वाचा दाखला त्यासाठी लागेल. तो घ्यायला लाजू नका.

शस्त्रक्रिया ठरलीच तर न्यूमोकॉकलची लस राहिलेली नाही ना, ते लसीकरणाचं कार्ड काढून पाहा. इम्प्लांट झालेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या पुरेसं आधी ती पूर्ण व्हायला हवी. भूल, चेहऱ्याच्या नसेला इजा, जखमेत संसर्ग, हे धोके कमी पण खरे आहेत. सर्जननी लहान मुलांच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे निःसंकोच विचारा. आणि शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी थेरपिस्ट कोण, किती अंतरावर, आठवड्याला कुणी न्यायचं, हे ठरवा. थेरपीची सोय नसेल तर आधी ती लावा.

एक शेवटची विनंती. दोन माणसांना भेटा: इम्प्लांट होऊन दहा-बारा वर्षं झालेल्या मुलाच्या आईला, आणि खुणांच्या भाषेत जगणाऱ्या एखाद्या कमावत्या बहिऱ्या माणसाला, सोबत दुभाषी घेऊन. पहिलीचा पत्ता थेरपिस्टकडे मिळेल, दुसऱ्याचा त्या शिक्षिकेकडे. नवऱ्याला आणि सासूबाईंना बरोबर न्या. कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा आणि फोनवर येणाऱ्या बातम्यांपेक्षा तिथे जास्त कळेल. ही भेट याच महिन्यात करा, आणि जनुकीय तपासणीचं रक्त त्याआधी देऊन ठेवा.

तुमची,
ताई